निकाल लिहिणं चालू आहे

ताईला कॅन्सर निघाला तेव्हा आम्हा दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं. आईच्या तेराव्यापासून. आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे, सोनागिरीला होती. तिला न्यूमोनिया झाला, मी तिला हॉस्पिटलात हलवलं आणि ती आयसीयूतच गेली. ताईचं म्हणणं, घरी असती तर निदान आपल्या माणसांत गेली असती. "तू तिला नळ्या लावून मारलंस," हे ती तेराव्याच्या पंगतीत, वाढणाऱ्या बायकांसमोर बोलली. मी हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर आमचा संबंध उरला तो भाचीच्या फोनपुरता.

तर भाचीचाच फोन आला. "मावशी, आईच्या छातीत गाठ निघालीय. तपासून झालं, कॅन्सरच आहे. ती म्हणते, मावशीला बोलाव."

मला बोलवायचं कारण उघड होतं. तोच आजार काही वर्षांपूर्वी मला झाला होता आणि मी त्यातून उठले होते. घराण्यात त्या बाबतीतली अनुभवी मीच.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला एका ट्रायलबद्दल सांगितलं होतं. अर्ध्या बायकांना नेहमीची औषधं द्यायची, अर्ध्यांना नेहमीची औषधं आणि शिवाय एक इंजेक्शन. इंजेक्शन तसं बाजारात होतं, पण दुसऱ्या एका कॅन्सरसाठी. आमच्या कॅन्सरमध्ये त्याचा काही उपयोग होतो का, हे पाहायचं होतं. कोणाला काय मिळणार हे कॉम्प्युटर ठरवणार. "तुम्हाला फायदा होईलच असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "लेकिन आपके बाद वाली बहनों के काम आएगा."

त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. मी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलं. प्रयोग केला की निरीक्षणं लिहायची आणि निष्कर्ष काढायचा, हे आठवीच्या पोरांना छडीच्या धाकानं शिकवलं. प्रयोग फसला तरी लिहायचा. फसलेला प्रयोग लपवून शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे. त्यामुळे एवढे मोठे डॉक्टर, एवढी मोठी कंपनी प्रयोग करतेय म्हणजे निष्कर्ष लिहिणारच, यात मला शंका वाटली नाही.

माझ्या वाट्याला इंजेक्शन आलं. सलाईन चालू असताना शेजारच्या खुर्चीत करोंदची एक बाई असायची. तिच्या नवऱ्याची धान्यमंडीत आडत होती. तिलाही इंजेक्शनच होतं. मला पायाच्या बोटांना नुसत्या मुंग्या येत, पुढे त्या गेल्याही. तिचे मात्र तळपाय इतके बधिर झाले की पायातली चप्पल निसटली तरी तिला कळत नसे. मी एकदा तिला म्हटलं, "निकाल लागला की आपल्याला सांगतील." ती हसली. म्हणाली, "दीदी, मैं छोटी थी, गैस के बाद भी लोग आके खून ले जाते थे. आज तक किसी ने नहीं बताया क्या निकला." आमच्या शहरात पूर्वी विषारी वायू सुटला होता, त्या वेळचं ती सांगत होती. मला तेव्हा तिचं बोलणं अडाणीपणाचं वाटलं होतं. पुढे ती यायची बंद झाली. तिचं काय झालं, हे मला कोणी सांगितलं नाही.

भाचीच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी टी. टी. नगरला गेले. भावोजी गेल्यापासून ताई आणि भाची दोघीच न्यू मार्केटच्या मागच्या फ्लॅटमध्ये राहतात. ताई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी आत आले तरी तिनं वर पाहिलं नाही.

"बस," म्हणाली. मग पुढची घडी घालत, "माझा डॉक्टर म्हणतोय, नेहमीच्या औषधांबरोबर एक इंजेक्शन घ्या." तिनं भाचीकडे पाहिलं, भाचीनं कागदावरचं नाव वाचलं. तेच नाव.

"हेच तू घेतलंस ना?"

"हो."

"मग? चांगलं आहे का?"

"मला माहीत नाही, ताई."

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "म्हणजे काय?"

"म्हणजे त्या ट्रायलचा निकाल अजून जाहीर झालेला नाही."

"निकाल माझ्यासमोर खुर्चीवर बसलाय. धडधाकट आहेस चांगली."

मी तिला समजावायला गेले. म्हटलं, मी बरी झाले, पण इंजेक्शनमुळेच झाले असं नाही. जुन्या औषधांनीही पुष्कळ बायका बऱ्या होतात. मी त्यांच्यातली असेन. इंजेक्शन घेतलेल्या सगळ्या बायका आणि न घेतलेल्या सगळ्या, त्यांची तुलना केली तरच कळेल. ती तुलना ज्यांच्याजवळ आहे ते सांगत नाहीत.

मी बोलत होते आणि ताईचा चेहरा आवळत चालला होता.

"तुला सांगायचं नाहीये," ती म्हणाली. "मी साधं विचारलं, घेऊ का नको. तुझ्या दारात येऊन नाही विचारलं म्हणून राग आहे का?"

"मावशी, तू स्वतः घेतलंस," भाची म्हणाली, "आणि आईला नको म्हणतेस?"

"मी नको म्हणत नाही. मला माहीत नाही म्हणतेय."

"आईच्या वेळी मात्र फार माहीत होतं तुला," ताई म्हणाली आणि परत घड्या घालायला लागली. चहा कोणी केला नाही. मी उठून आले.

दोन दिवसांनी मी माझ्या डॉक्टरांकडे गेले. मी गेले की त्यांना एरवी आनंद व्हायचा. समोर नवी पेशंट बसलेली असली की म्हणायचे, "ये देखिए, हमारी स्टार पेशंट." त्या दिवशीही तसंच म्हणाले. ती बाई बाहेर गेल्यावर मी विचारलं, "सर, आपल्या ट्रायलचं काय निघालं?"

"पेपर लिखा जा रहा है, मॅडम."

"गेल्या वर्षी तपासणीला आले होते, तेव्हाही लिहिणं चालूच होतं."

ते हसले. मग त्यांनी मला सांगितलं, ते हिंदीत बोलत होते, मी मराठीत सांगते. देशभरातली बरीच हॉस्पिटलं यात होती. सगळी माहिती कंपनीकडे जाते. तिथे हिशेब होतो, मग मसुदा, मग सगळ्या डॉक्टरांची मतं, मग जर्नल. कंपनीत माणसं बदलली, त्यामुळे जरा मागे पडलं. अशा कामाला वेळ लागतो.

"पण आकडे तुम्हाला कळलेत?"

"ते गोपनीय असतं, मॅडम."

"म्हणजे कळलेत."

त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"माझ्या बहिणीला तेच इंजेक्शन द्यायचं म्हणताहेत," मी म्हटलं. "भाची सांगते, तिच्या डॉक्टरांनी कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये सुरुवातीचे आकडे पाहिले, ते चांगले होते, त्यावर ते देताहेत. शेवटचे आकडे तुमच्या कपाटात आहेत. घेऊ दे की नको, एवढंच सांगा. मी कोणाला सांगणार नाही."

"कपाटात काही नसतं, मॅडम. सगळं सर्व्हरवर असतं." हे त्यांनी विनोद म्हणून म्हटलं. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "त्या माझ्या पेशंट नाहीत. त्यांचे डॉक्टर योग्य तेच करतील. तुम्ही बऱ्या आहात ना? मग खूश रहिए."

"मी बरी आहे हा निकाल नव्हे, सर. हे मी आठवीच्या मुलांनासुद्धा चालवून घेतलं नसतं."

त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी हे माझ्यावरच चिडले. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून यांना कुठलंच भांडण नको असतं. "तू बरी झालीस ती त्याच डॉक्टरच्या हातून," म्हणाले. "देवाला नमस्कार कर आणि गप्प बस. उद्या परत काही निघालं तर कोणाच्या दारात जाशील?" हा प्रश्न बरोबर होता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

मी ताईला फोन केला. तिनं घेतला नाही. भाचीला म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचार की पूर्ण निकाल आल्याशिवाय देताय ते कशाच्या आधारावर. भाचीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, "निकाल वाईट असता तर एव्हाना बाहेर आला असता." आणि ताईनं त्यांना सांगितलं होतं की माझ्या सख्ख्या बहिणीनं हेच घेतलं आणि ती ठणठणीत आहे. मी तोंडानं माहीत नाही म्हणत राहिले आणि माझं शरीर तिकडे साक्ष देऊन आलं.

ताईनं सगळी इंजेक्शनं घेतली. एकही चुकवलं नाही. हट्ट तिचा लहानपणापासूनचा.

आधी हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मला मुंग्यांचं माहीत होतं, म्हणून मी भाचीला म्हटलं, डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले जाईल. ते गेलं नाही. ताईला ब्लाऊजचे हूक लावता येईनात. कुलपात किल्ली जाईना. रिक्षावाल्याला द्यायची नाणी बोटांतून निसटत आणि वाकून उचलायला गेली की तोल जाई. उन्हाळ्यात एकदा ती गच्चीवर पापड वाळत घालायला अनवाणी गेली. तळव्यांना फोड आलेले भाचीनं रात्री पाहिले, ताईला समजलंच नव्हतं. हे सगळं मला भाची फोनवर सांगायची. ताई बोलत नव्हतीच. फक्त एकदा फोन हिसकावून म्हणाली, "तुझे पाय बरे कसे राहिले गं?" आणि ठेवून दिला.

त्या काळात मी सगळ्यांना नकोशी झाले. माझ्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात जायचे, "काय झालं?" विचारायचे. पहिल्यांदा ते स्वतः भेटत, मग सहायक भेटायला लागली, मग काउंटरवरची मुलगीच सांगायची, "सर मीटिंग में हैं." रुग्णांच्या हितासाठी हॉस्पिटलात एक समिती असते, तिच्या सदस्य असलेल्या एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, आमचं काम ट्रायलला परवानगी देण्याचं, निकाल कधी छापायचा ते कंपनीचं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाली, मॅम, तुमच्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टर कंपनीकडे बोट दाखवणार, कंपनी डॉक्टरांकडे, आणि समिती दोघांकडे. कोणीही खोटं बोलत नव्हतं. म्हणून तर जास्त संताप यायचा. खोटं बोलणाऱ्याला धरता तरी येतं.

आणि एक दिवस डॉक्टरांचाच मेसेज आला. "Finally!" आणि पुढे फुलांचा गुच्छ. पेपर छापून आला होता.

मी तो दुपारी बसून वाचला. सांख्यिकी मला थोडीफार येते, पण इथे तिची गरजही नव्हती. इंजेक्शननं आजार परत येण्यात काही फरक पडला नव्हता. घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायका सारख्याच. हातापायांच्या नसांना इजा मात्र घेतलेल्यांमध्ये कितीतरी जास्त. कोणत्या दिवशी माहिती गोळा करणं संपलं, ती तारीखही लिहिली होती. ताईची गाठ निघायच्या बऱ्याच आधीची. म्हणजे मी डॉक्टरांसमोर हात जोडून बसले होते तेव्हा उत्तर टेबलाच्या पलीकडे तयार होतं. शेवटी ओळ होती, सहभागी झालेल्या रुग्णांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे आम्ही आभारी आहोत. ती ओळ वाचून मी फोन पलंगावर फेकला. आत्तापर्यंत मी कधी फोन फेकला नव्हता. हे धावत आले.

मी रिक्षा केली आणि टी. टी. नगरला गेले. भाची ऑफिसात होती. ताईनं दार उघडलं, कडी काढायला तिला बराच वेळ लागला.

"आलाय निकाल," मी म्हटलं.

"वाच."

मी सारांश सांगायला लागले तर म्हणाली, "सारांश नको. वाच, आणि मराठीत सांग."

मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. किती बायका, कोणत्या वयाच्या, कुठल्या कुठल्या शहरांतल्या. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. नसांच्या इजेचा तक्ता आला तेव्हा तिनं थांबवलं.

"यात मी कुठे आहे?"

"तू नाहीस, ताई. तू ट्रायलमध्ये नव्हतीस."

"तू आहेस?"

"मी आहे. इथे, 'सौम्य' लिहिलंय, त्यात."

"आणि माझे हात?"

मी फोनवरचा तक्ता पुन्हा वरपासून खाली सरकवून पाहिला.

"म्हणजे माझे हात कुठेच मोजलेले नाहीत," ती म्हणाली. मग उठली, भिंतीला धरत आत गेली आणि बाहेर जायची साडी हातात घेऊन आली. "मला नेसव. तुझ्या त्या डॉक्टरकडे घेऊन चल."

काउंटरवरच्या मुलीनं नेहमीचं सांगितलं. ताई तिला म्हणाली, "ठीक है बेटा, मीटिंग होने दो," आणि डॉक्टरांच्या दारालाच खुर्ची लावून बसली. डॉक्टर मधल्या वेळेत बाहेर आले ते तिला ओलांडून जाऊ शकले नाहीत. त्यांनी आत बोलावलं. मला पाहून म्हणाले, "देखा मॅडम, आ गया ना पेपर."

ताईनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. पंजे वर करून.

"मेरी बहन पूछने आई थी. तब आपको मालूम था?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"अंदाज़ा था," ते म्हणाले.

"अंदाज़ा ही बता देते."

मग ते समजावायला लागले. करारात असतं, आधी सांगता येत नाही. एकाला सांगितलं तर दहा जणांना सांगावं लागतं. आणि खरं सांगायचं तर औषधाचा फायदा झाला नाही म्हटल्यावर कंपनीचा उत्साह संपला, जर्नलांनाही अशा पेपरची घाई नसते, दोन ठिकाणांहून परत आला. "मीच मागे लागलो म्हणून निघाला, माताजी. कितीतरी तर निघतच नाहीत." हे त्यांनी मोठेपणा म्हणून सांगितलं नाही. थकून सांगितलं. मला वाटतं ते खरं होतं. पण त्यांच्यावरचा माझा राग त्यानं तसूभरही उतरला नाही.

ताई म्हणाली, "मला तुमची घाई-बिघाई कळत नाही. माझ्या डॉक्टरला फोन लावा. आत्ता. म्हणावं, आणखी कोणाला देऊ नका." हे ती मराठीतच बोलली, पण डॉक्टरांना समजलं. ते कुरकुरले, म्हणाले पेपर आलाय, ते वाचतीलच. ताई हात न हलवता बसून राहिली. शेवटी त्यांनी फोन लावला आणि आमच्यासमोर इंग्रजीत बोलले. पलीकडच्या माणसानं अजून पेपर पाहिलेला नव्हता. त्या आठवड्यातच तो आणखी एका बाईला इंजेक्शन सुरू करणार होता. एवढं मला ऐकू आलं.

परतताना रिक्षात मला वाटलं, आता ताई काहीतरी बोलेल. रोशनपुऱ्याच्या चढावर ती बोलली.

"तू तेव्हा ठाम नको म्हणायला हवं होतंस."

"मला माहीतच नव्हतं, ताई. जे माहीत नाही ते ठाम कसं सांगू?"

"माणसं सांगतात. मी तुझ्या नावावर घेतलं ते. तुझ्या तोंडाकडे बघून."

"त्याला मी काय करू? त्यांनी लपवलं."

"त्यांचं मी त्यांच्या तोंडावर बोलले. आता तुझं बोलतेय."

मी तिच्याशी भांडले. रिक्षावाला आरशातून बघत होता. घरापाशी उतरताना तिला पायरीचा अंदाज आला नाही, मी दंड धरला, तर तिनं तो सोडवून घेतला आणि रिक्षाच्या दांड्याला धरून एकटीच उतरली.

यालाही आता वर्ष होऊन गेलं. ताईचा आजार परतलेला नाही, तपासण्या स्वच्छ आहेत. हात आणि पाय तसेच आहेत, आणि तिचे डॉक्टर आता जाईल असं म्हणत नाहीत. आम्ही बोलतो. बोलतो म्हणजे ती फोन करून मला फैलावर घेते आणि मी तिला घेते. भाची म्हणते, यापेक्षा अबोला बरा होता. मला तसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या हॉस्पिटलातून एका मुलीचा फोन आला. नवी ट्रायल सुरू होतेय, बायका घाबरताहेत, तुम्ही येऊन त्यांना चार शब्द सांगाल का, सर म्हणाले तुमचा चांगला प्रभाव पडतो. मी म्हटलं, येते. ट्रायल व्हायलाच पाहिजेत, नाहीतर कोणाला काहीच कळणार नाही. पण मी त्या बायकांना आमच्या ट्रायलचं काय निघालं आणि ते कधी सांगितलं हे सांगणार. आणि या ट्रायलचा निकाल त्यांना कोण सांगणार, कधी सांगणार, हे सरांनी माझ्यासमोर त्यांना सांगायचं.

"सर से पूछकर बताती हूँ, मॅम," मुलगी म्हणाली.

अजून तिचा फोन आलेला नाही. परवा मीच लावला. सर मीटिंगमध्ये होते.